मनोरीच्या समुद्राचे ऋण

मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की काही मिनिटांतच मनोरी येते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही ज्यांचे गावपण अद्याप पुसले गेलेले नाही, अशा मोजक्या किनाऱ्यांपैकी हा एक. सुटीच्या दिवशी उपनगरांतील मध्यमवर्गीय कुटुंबे येथे मुलाबाळांसह येतात, वाळूत बसतात, पाण्यात पाय भिजवतात आणि संध्याकाळी परततात. परतताना ओहोटी असेल तर खाडीचा उघडा पडलेला काळा गाळ दिसतो, नाकाला रुमाल लावावा लागतो आणि "काय ही घाण!" असा उद्गार सहज बाहेर पडतो. ही घाण आपल्याच घरून निघून आपल्याआधी येथे पोहोचली आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

कारण हे पाणी मनोरीकरांनी काळे केलेले नाही. दहिसर नदी तुळशी तलावाच्या सांडव्यापाशी उगम पावते. राष्ट्रीय उद्यानाच्या वनराजीतून ती निर्मळ वाहत येते आणि पुढे श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण असा एकूण सुमारे १२ किलोमीटरांचा प्रवास करून मनोरीच्या खाडीस मिळते. उद्यानाची सीमा ओलांडताच तिच्यात तबेल्यांचे शेण येते, मलवाहिनी न पोहोचलेल्या वस्त्यांचे मैलापाणी येते, रस्त्यांवरील तेलकट काजळी आणि प्लास्टिक येते. एका उपनगराने नदीचा नाला करावा आणि त्या नाल्याचे भोग दुसऱ्या टोकाच्या कोळीवाड्याने भोगावेत, असा हा व्यवहार आहे. खाडीतील चिंबोरी आणि निवटी यांवर ज्यांची चूल पेटत आली, त्या मच्छीमाराच्या जाळ्यात, मग तो हिंदू असो वा ख्रिस्ती, मासळीआधी कचरा येतो.

तेव्हा प्रश्न असा की, हे पाणी समुद्रास मिळण्यापूर्वी शुद्ध करण्याचा खर्च कोणी करावयाचा? उत्तर सरळ आहे. ज्या महानगराने ते मलिन केले त्याने, सार्वजनिक तिजोरीतून, दरवर्षी आणि स्वतंत्र शीर्षाखाली! किनाऱ्याची स्वच्छता हे पर्यटन खात्याचे शोभेचे काम नव्हे की स्वयंसेवी संस्थांच्या रविवारच्या सेवेवर सोडून देण्याची बाब नव्हे. नाले आणि मलनिःसारण हे १८८८च्या महापालिका अधिनियमाने महापालिकेवर टाकलेले बंधनकारक कर्तव्य आहे.

उपसण्यास पैसा आहे, शुद्ध करण्यास नाही

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची सुधारणा सुचविणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ साली सादर झाला आणि बारा वर्षे बव्हंशी कागदावरच राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, शेकडो माणसे प्राणास मुकली, तेव्हा यंत्रणेस जाग आली. २००७ साली केंद्राने या प्रकल्पासाठी १,२०० कोटी रुपये मंजूर केले. ताशी २५ मिलिमीटर पाऊस पेलणाऱ्या वाहिन्या ५० मिलिमीटर पेलण्याजोग्या करावयाचे ठरले. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया येथे प्रचंड उदंचन केंद्रे उभी राहिली. हे सारे आवश्यकच होते. तथापि या योजनेचा हेतू एकच होता: पाणी लवकरात लवकर समुद्रात लोटणे. ते पाणी कोणत्या प्रतीचे आहे, याची चिंता त्यात नव्हती.

दुसरी बाजू मलनिःसारणाची. १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मुंबईतील सात मलजल प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन झाले. सुमारे १७,२०० कोटी रुपयांचा खर्च आणि दररोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटरची एकत्रित क्षमता! इतकी मोठी योजना या शहराने पूर्वी पाहिली नव्हती, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु प्रक्रिया केंद्र त्याच पाण्यावर प्रक्रिया करू शकते, जे मलवाहिनीतून त्याच्या दारापर्यंत पोहोचते. जे मैलापाणी मलवाहिनीत शिरतच नाही, उघड्या नाल्यातून परस्पर खाडी गाठते, त्याचे काय?

येथेच खरी मेख आहे. पर्जन्यजलवाहिन्यांचे खाते पावसाच्या पाण्यापुरते बघते आणि मलनिःसारणाचे खाते आपल्या वाहिन्यांपुरते. जानेवारीच्या कोरड्या दुपारी, पावसाचा थेंबही नसताना, नाल्यातून जे काळे पाणी वाहते ते नावाने पावसाचे नाही आणि वहिवाटीने मलवाहिनीचे नाही. ते दोन्ही खात्यांच्या मधून समुद्रात जाते. ज्या पाण्याला खाते नाही त्याला अर्थसंकल्पात शीर्ष कोठून मिळणार?

'समुद्र अथांग आहे' म्हणणाऱ्यांस

काही विद्वान सांगतात की समुद्र अथांग आहे, तो सारे पोटात घेतो. अथांग समुद्र दूर क्षितिजावर असतो. मनोरीसमोर असते ती भरती-ओहोटीची खाडी. ओहोटीने नेलेले भरती परत आणून देते. दुसरे म्हणतात, लोकांनीच शिस्त पाळावी, सरकार काय काय करणार? शिस्त हवीच. अफरोज शाह यांनी २०१५ पासून वर्सोव्याच्या किनाऱ्यावर लोकांना एकत्र करून जे काम केले, त्याची दखल संयुक्त राष्ट्रांनीही घेतली. पण वाळूवरचा कचरा हाताने उचलता येतो, पाण्यातले मैल्याचे जंतू उचलता येत नाहीत. त्यासाठी वाहिन्या लागतात, यंत्रे लागतात आणि ती वर्षभर चालविण्यास पैसा लागतो.

तिसरा आक्षेप शहाजोग आहे. दोष झोपडपट्टीचा, मग भुर्दंड करदात्यास का? ज्या वस्तीत महापालिकेने मलवाहिनी नेलीच नाही, तिच्या शौचालयाचे पाणी नाल्यात गेले तर आधी जाब कोणाला विचारायचा? आणि उंच इमारतींत राहणाऱ्यांनी आपली पन्हळ एकदा तपासावी. गच्चीवरील पावसाचे पाणी उतरविणाऱ्या नळास बाल्कनीतील कपडे धुण्याच्या यंत्राची नळी जोडलेली कितीतरी सोसायट्यांत आढळेल. साबणाचे ते पाणी थेट पर्जन्यजलवाहिनीत, तेथून नाल्यात आणि नाल्यातून मनोरीस जाते.

मार्ग आहे, इच्छा हवी

उपाय अज्ञात नाही. भर पावसात नाल्याचे सारे पाणी शुद्ध करणे कोणत्याही शहरास शक्य नाही, आणि तशी मागणीही कोणी करीत नाही. परंतु वर्षातील आठ महिने नाल्यातून जे वाहते ते जवळजवळ निव्वळ सांडपाणी असते. ते मुखाशी अडवून मलवाहिनीत वळविणे, जेथे वाहिनी नाही तेथे नाल्याकाठीच लहान प्रक्रिया केंद्र उभारणे, हे शक्य कोटीतील काम आहे. कानपूरचा सीसामऊ नाला शतकाहून अधिक काळ दररोज सुमारे १४ कोटी लिटर घाण गंगेत ओतीत होता. 'नमामि गंगे' योजनेतून २०१८ साली तो वळविण्यात आला. जे गंगामाईसाठी झाले ते सिंधुसागरासाठी का होऊ नये?

अमेरिकेतील सांता मोनिका शहराने या शतकाच्या आरंभीच आपल्या किनाऱ्यालगत नाल्याच्या कोरड्या ऋतूतील पाण्यासाठी शुद्धीकरण केंद्र उभारले. दररोज सुमारे १९ लाख लिटर क्षमतेचे हे केंद्र आपले पाणी बागांना आणि शौचालयांना पुरविते. शेजारच्या लॉस एंजेलिसमध्ये २००४ साली मतदारांनी या कामासाठी ५० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांस कौल दिला. २०१८ साली तेथील परगण्याने पाणी न मुरू देणाऱ्या बांधीव जमिनीवर चौरस फुटामागे अडीच सेंट कर मतदानाने मान्य करून घेतला. जो जमीन झाकतो त्याने वाहून जाणाऱ्या पाण्याचे मोल द्यावे, हे तत्त्व न्याय्य आहे. येथे मात्र मोठमोठी संकुले आपले आवार फरशांनी मढवितात आणि सारे पाणी नाल्याच्या हवाली करून मोकळी होतात.

मनोरीच्या बाबतीत विसंगती आणखी बोचणारी आहे. येथेच समुद्राचे खारे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प २०२० साली पुढे आला. पहिल्या टप्प्यात दररोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४००. आराखड्यासाठी जून २०२१ मध्ये इस्रायली कंपनीशी करारही झाला. ज्या समुद्राचे पाणी उद्या घराघरांतील हंड्यात भरावयाचे, त्याच्या शेजारच्याच खाडीत आज नाला सोडावयाचा आणि मग ते शुद्ध करण्यास अब्जावधी रुपये मोजावयाचे, याला नियोजन म्हणायचे काय?

हिशेब मागण्याचा अधिकार

मालमत्ता कराचे देयक प्रत्येक घरी येते. त्यात मलनिःसारण कर असतो आणि मलनिःसारण लाभ करही असतो. हा पैसा नागरिक भरतो. २०२५-२६ साठी महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, देशातील कित्येक लहान राज्यांनी हेवा करावा एवढा. म्हणून नव्या कराची भाषा करण्याआधी जुन्या कराचा हिशेब मांडला गेला पाहिजे. मिठी नदीच्या गाळउपशातील सुमारे ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहाराबद्दल २०२५ साली गुन्हा नोंदविला गेला. नाल्यावरचा पैसा नाल्यातच कसा वाहून जातो, याची शंका सामान्य माणसास येते ती उगीच नव्हे.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक नाल्याच्या मुखाशी कोरड्या ऋतूतील प्रवाह अडविण्यासाठी स्वतंत्र, अन्यत्र वळविता न येणारा निधी. त्यासाठी नाव-गावासह जबाबदार एकच अधिकारी. आणि मनोरी, गोराई, मार्वे, वर्सोवा या प्रत्येक किनाऱ्यावर पाण्याच्या मासिक तपासणीचा मराठी फलक. स्नानयोग्य सागरी पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य जंतूंची संख्या १००च्या आत असावी, असे केंद्राचे मानक १९९८ सालापासून आहे. मुलास पाण्यात सोडणाऱ्या आईला हा आकडा किनाऱ्यावर वाचावयास मिळू नये काय?

श्रावणात नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण होतो, भाद्रपदात त्याच्याच स्वाधीन गणराय केले जातात. ज्याला देव मानायचे त्याच्याच मुखात वर्षभर नाला सोडायचा, ही श्रद्धा नव्हे, ही आत्मवंचना आहे. येत्या रविवारी प्रत्येक सोसायटीने आपली पन्हळ तपासावी, प्रत्येक वस्तीतील जागरूक कार्यकर्त्यांनी आपला नाला मुखापर्यंत चालत जाऊन पाहावा आणि सोमवारी विभाग कार्यालयात लेखी प्रश्न द्यावा: या पाण्याचे खाते कोणते, आणि या वर्षी त्यासाठी तरतूद किती? उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न दर सोमवारी द्यावा.