सांताक्रूझ बघून झालं?

सांताक्रूझ म्हटलं की पार्ल्याशेजारचं स्टेशन आठवतं, पण मी बोलतोय कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझबद्दल. तिथलं 'स्टीमर लेन' सर्फिंगसाठी प्रसिद्ध. आई-बाबा आले तेव्हा जुलैत त्यांना हौसेने घेऊन गेलो. धुकं, गार वारा आणि लाटा जेमतेम! "यापेक्षा आपलं गुहागर बरं," बाबा म्हणाले. आता बोला.

चूक माझीच. पाहुणे उन्हाळ्यात येतात म्हणून आपणही उन्हाळ्यातच जातो. तिथल्या मोठ्या लाटा मात्र हिवाळ्यातल्या, उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांनी पाठवलेल्या. जानेवारीत दीपगृहाजवळच्या कड्यावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. २०२३ च्या जानेवारीत तर कड्यावरचा रस्ताच काही ठिकाणी ढासळला होता. ते दीपगृह १९६७ साली एका आईवडिलांनी समुद्रात बुडालेल्या मुलाच्या आठवणीसाठी बांधलं, हे जुलैत वाचताना नुसती माहिती वाटते. जानेवारीत तसं वाटत नाही.

हिवाळ्यातल्या लाटा वाळू ओढून नेतात, उन्हाळ्यातल्या मवाळ लाटा ती परत आणून टाकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात धुकं विरतं, छान ऊन पडतं. म्हणजे किनारासुद्धा वर्षभर तोच नसतो. आपण मात्र चार फोटो काढून 'बघून झालं' म्हणून मोकळे!

माझं म्हणाल तर, चार ठिकाणं एकेकदा बघण्यापेक्षा एकच ठिकाण चार ऋतूंत बघावं. आई-बाबांना पुढच्या खेपेला जानेवारीत बोलावणार आहे. थंडीवरून बोलणी खायची तयारी ठेवलीय.