शर्यतीच्या खेळातील छुपी किंमत

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली. त्याच कायद्याने वर्गणी किंवा एकरकमी प्रवेशशुल्क घेणाऱ्या सामाजिक खेळांना मोकळीक दिली. ही विभागणी योग्यच आहे. परंतु या दोहोंच्या मधली एक जागा अद्याप मोकळी आहे, असे मला वाटते.

‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा मोटार-शर्यतींचा खेळ मार्च २०२२ मध्ये पूर्ण किमतीला विक्रीस आला. त्याच महिन्यात त्यातील काही शर्यतींची बक्षिसे घटवण्यात आली. महागड्या मोटारीसाठी अधिक तास खेळा, नाहीतर खरे पैसे मोजून आभासी चलन घ्या, असे दोनच मार्ग उरले. खेळाडू संतापले, तेव्हा निर्माते काझुनोरी यामाउची यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि पुढे बक्षिसे वाढवली.

वर्गणीही स्वस्त नसते. ‘आयरेसिंग’मध्ये वर्गणी भरूनही बहुतेक मोटारी व ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात. मात्र तिथे पैसा कशासाठी जातो, हे आधी कळते. पहिल्या प्रकारात खरेदीनंतर ग्राहकाच्या श्रमाचे मोलच बदलले जाते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी वर्गणीचा सापळा आणि टप्प्याटप्प्याने उघड होणारी किंमत यांना मनाई केली आहे. विक्रीनंतर बक्षिसे घटवून आभासी चलन खपवणे, हेही त्या यादीत नि:संदिग्धपणे यावे. अधिक किंमत मागण्याचा हक्क विक्रेत्याला जरूर असावा. ती लपवण्याचा नसावा.