डॉलर एक, भाव अनेक

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समधील फ्लोरिडा रस्त्यावर चलन बदलून देणाऱ्या दलालांचा पुकारा वर्षानुवर्षे ऐकू येत आला आहे. हाती हिरव्या नोटा धरून उभ्या राहणाऱ्या या मंडळींना तेथील लोकांनी 'छोटी झाडे' असे समर्पक नाव दिले. त्यांचा व्यवहार बेकायदा. तरीही त्यांच्या डॉलरचा भाव तेथील वृत्तपत्रे रोज उघडपणे छापतात. त्याला 'ब्लू डॉलर' म्हणतात. ऑगस्ट २०२२ मध्ये बँकेच्या हिशेबी एक डॉलर सुमारे १३७ पेसोंचा होता, तर रस्त्यावर तो २९० च्या घरात होता.

यांतील खरा भाव कोणता? ज्या भावाने वस्तू प्रत्यक्ष हाती पडते, तोच खरा, असे बाजारात मानतात. सामान्य नागरिकाला बँकेतून महिन्याला २०० डॉलरच घेता येत. त्यावर कर वेगळा आणि अपात्र ठरलेल्यांची यादीही लांबलचक. म्हणजे अधिकृत दर हा दर नव्हताच, ती एक सवलत होती. सवलत म्हटली की ती कोणाला द्यायची हे ठरविणारा अधिकारीही आलाच. आयातीचा परवाना मिळविणाऱ्याला डॉलर निम्म्या किमतीत मिळत असल्याने मालाची किंमत फुगवून दाखविण्याचा मोह त्याला होणारच.

या सवलतीचा खर्च सोयाबीन पिकविणाऱ्यावर पडला. सोयाबीनवर ३३ टक्के निर्यात शुल्क होते. शंभर डॉलरच्या मालातले ६७ उरत आणि त्यांचे अधिकृत दराने सुमारे ९,२०० पेसो होत. एवढ्या पेसोंत रस्त्यावर जेमतेम ३२ डॉलर येत. मग शेतकऱ्याने धान्य प्लास्टिकच्या लांबलचक पिशव्यांत भरून शेतातच राखून ठेवले, यात नवल ते काय! सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने केवळ सोयाबीनपुरता डॉलरला २०० पेसो भाव दिला, तेव्हा त्या एका महिन्यात सुमारे ८०० कोटी डॉलरची विक्री झाली. त्यानंतर दरांचे पेवच फुटले. विश्वचषक फुटबॉलच्या सुमारास परदेशातील खर्चासाठी 'कतार डॉलर' अवतरला, तर परदेशी गायनवृंदांच्या कार्यक्रमांसाठीचा दर 'कोल्डप्ले डॉलर' म्हणून ओळखला गेला.

आपल्याकडेही मार्च १९९२ ते मार्च १९९३ या काळात दुहेरी दर होता. निर्यातदाराच्या कमाईतील ४० टक्के हिस्सा अधिकृत दराने आणि ६० टक्के बाजारभावाने घेतला जाई. निर्यातदारांवर तो एक प्रकारचा करच होता. परंतु ती एकच दर आणण्याकडे नेणारी पायरी होती आणि वर्षभरात ती ओलांडली गेली. अर्जेंटिनाने मात्र २०११ मध्ये घातलेले निर्बंध २०१५ मध्ये उठविले आणि २०१९ मध्ये पुन्हा लादले.

रस्त्यावरचा भाव म्हणजे निखळ सत्य, असेही समजण्याचे कारण नाही. तो बाजार लहान असतो, अफवांवर हलतो आणि त्यात टंचाईची व जोखमीची किंमत मिसळलेली असते. एप्रिल २०२५ मध्ये नाणेनिधीच्या २,००० कोटी डॉलरच्या कर्जाच्या आधारे नागरिकांवरील बहुतेक निर्बंध उठले, तेव्हा सुमारे १,०८० वर असलेला अधिकृत दर चढला, १,३०० च्या वर गेलेला ब्लू उतरला आणि काही दिवसांतच दोघे बाराशेच्या आसपास आले.

मधल्या काळाची किंमत मात्र पगारदाराने मोजली होती. डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या सरकारने डॉलरचा अधिकृत दर सुमारे ३६६ वरून एकदम ८०० पेसो केला. त्या एकाच महिन्यात महागाई २५.५ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी आधीच डॉलर घेऊन ठेवले होते, त्यांना या अवमूल्यनाची झळ फारशी लागली नाही. ज्यांचा पगार, पेन्शन आणि शिल्लक पेसोंतच होती, त्यांच्याकडे दुसरे काही नव्हते.