हात लावू नका!

डेन्मार्कच्या ‘लेगो’ या नावाचा अर्थच मुळी ‘छान खेळ’! आणि २०१७ साली निघालेल्या त्यांच्या ‘मिलेनियम फाल्कन’ या अवकाशयानाचे तुकडे ७५४१! मोठी माणसे रात्री जागून ते जोडतात, काचेच्या कपाटात ठेवतात आणि पोरांना दम भरतात, “खबरदार हात लावशील तर!” अहो, १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये नायकच या यानाला भंगार म्हणतो, इथे त्याची धूळ ब्रशाने झाडतात! १९५८ ची वीट आजच्या विटेत चपखल बसते ती कशासाठी? मोडून पुन्हा जोडता यावे म्हणूनच ना? मोडायचेच नसेल तर ते खेळणे कसले? देवच तो! आणि मी म्हणतो, गणपतीलासुद्धा आपण दहा दिवसांनी बोळवतोच की!