हॅमॉकचा मुक्काम झाडं पाहून ठरवा

दिवाळी सरली, रात्री गार होऊ लागल्या की सह्याद्रीत आणि कोकणात मुक्कामाला जायचे बेत शिजू लागतात. अलीकडे या बेतांत तंबूच्या जोडीला हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये पट्ट्यांनी टांगायची झोळी, आला आहे. सॅकमध्ये तो सहज मावतो आणि खालची जमीन उताराची असो की दगडधोंड्यांची, त्याचं काही अडत नाही. पण आठ-दहा जण मिळून निघतात तेव्हा सगळी चर्चा कुठला हॅमॉक घ्यायचा यावरच होते. रोज पुढे चालायचं आणि जिथे अंधार पडेल तिथे टांगायचं, हे गृहीतच धरलेलं असतं. मला हे गृहीतक चुकीचं वाटतं. गटाने हॅमॉक न्यायचे असतील तर दोन रात्री एकाच जागी तळ टाकावा, ती जागा झाडं पाहून आधीच नक्की करावी आणि भटकंती तिथूनच करावी.

एकट्याला दोन झाडं पुरतात. दहा जणांना मात्र एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर झाडांच्या दहा जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडीत साधारण 4 ते 5 मीटर अंतर असावं लागतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कातळ आणि गवत आहे. तिथे हॅमॉक सॅकमध्येच राहणार. कोकणातल्या बागा लांबून अगदी सोयीच्या दिसतात, पण हापूसची कलमं साधारण 10 मीटरवर लावतात. एवढ्या अंतरात पट्टे पुरत नाहीत आणि पुरले तरी डोक्याच्या बऱ्याच वर बांधावे लागतात. सुपारीची झाडं 2.7 मीटरवर, म्हणजे फारच जवळ, शिवाय खोडं बारीक. नारळाखाली तर झोपूच नये, नारळ आणि झावळ्या कधी कोसळतील याचा नेम नसतो. म्हणजे झाडी दिसली म्हणून जागा मिळाली असं होत नाही. ती उजेडात, पावलं टाकून मोजूनच ठरवावी लागते, आणि दिवसभर चालून थकलेल्या गटाकडून रोज संध्याकाळी हे काम नीट होत नाही.

घाईत होणारी चूक महागातही पडते. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल तर 70 किलोच्या माणसाचा प्रत्येक झाडावर सुमारे 70 किलोचाच ताण येतो. नवखा माणूस झोळ काढण्यासाठी पट्टे ताणत जातो. कोन 15 अंशांवर आला की तोच ताण सुमारे 135 किलो होतो आणि 10 अंशांवर 200 किलोंच्या घरात जातो. शेवग्यासारखं ठिसूळ किंवा आतून पोखरलेलं झाड त्यात मोडू शकतं. एकाच तळावर मात्र जाणत्या माणसाने प्रत्येक खोड, वरची वाळकी फांदी आणि गाठ एकदा नीट तपासली की दोन्ही रात्रींची निश्चिंती होते. थंडीचंही तसंच आहे. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही आणि खालून वारा लागतो, हे अनेकांना पहिल्याच रात्री कळतं. तळ कायम असेल तर जाड मॅट, ताडपत्री, मोठी पातेली असं सामान नेता येतं आणि पहिल्या रात्रीची चूक दुसऱ्या रात्री सुधारता येते.

यावर कुणी म्हणेल, पुढे पुढे जाण्यातच तर खरी मजा आहे. ती मजा मीही मानतो. पण पाठीवर पाण्याची बाटली आणि डबा एवढंच घेऊन दिवसभर हिंडून परत येता येतं, त्यात चालणं कमी होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एकाच जागी दोन रात्री राहिलं तर त्या झाडांवर आणि जमिनीवर जास्त भार पडतो. म्हणूनच तळासाठी कोवळं रान निवडू नये. आधीच वापरात असलेली जागा किंवा मालकाची परवानगी घेतलेली बाग बघावी, दोरीऐवजी रुंद पट्टे वापरावेत म्हणजे साल कापली जात नाही, आणि देवराईत एकही पट्टा बांधू नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगडसारख्या अभयारण्यात वनखात्याची परवानगी आधी हवी. ही सगळी काळजीही जागा आधी ठरलेली असेल तरच घेता येते. मग सरळ तंबूच का नेऊ नयेत, असंही विचारलं जाईल. रानातल्या उतारावर दहा जणांच्या तंबूंना पुरेल एवढी सपाट जागा क्वचितच मिळते आणि ती करायची तर झुडपं तोडावी लागतात. हॅमॉकने ते टळतं. तरी पाठीचं दुखणं असणाऱ्यांसाठी, वयस्कर मंडळींसाठी एक-दोन तंबू जरूर न्यावेत. सगळ्यांनी टांगूनच झोपलं पाहिजे हा हट्ट गटाला शोभत नाही.

गटाची सहल तिच्यातल्या सर्वांत नवख्या माणसाला किती सुखाची झाली यावर जोखावी. त्याला पहिल्या रात्री थंडी वाजली, झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी ओझं घेऊन पुन्हा नवी झाडं शोधावी लागली, तर तो पुढच्या वेळी येणार नाही. म्हणून बेत आखताना पहिला फोन दुकानाला नको, त्या गावातल्या माहीतगाराला करावा: तुमच्याकडे दहा जणांना पुरतील अशी झाडं कुठे आहेत? उत्तर समाधानकारक मिळालं तरच हॅमॉक भरावेत. नाही तर तंबू घेऊन जावं आणि त्यात कमीपणा मानू नये.