काय काढले ते कळले, घातले काय?

बिस्किटांच्या पुड्यावर ‘लो फॅट’ हे शब्द लांबून वाचता येतील इतके ठसठशीत छापलेले असतात. पुडा उलटा करून डोळे बारीक केले, की माल्टोडेक्स्ट्रिन, मॉडिफाइड स्टार्च, साखर अशी यादी दिसते. स्निग्धांश काढला की पदार्थाची चव आणि खुसखुशीतपणा जातो. त्यांची जागा भरायला उत्पादकाला काहीतरी घालावेच लागते. आरोग्याचा खरा प्रश्न या ‘काहीतरी’चा आहे.

पर्याय शोधणे मुळात गैर नाही. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, तर पिष्टमय पदार्थांतून ४. पण तेल-लोणी वगळून साखर आणि स्टार्च भरले, तर हा फायदा बराचसा आटतो. शिवाय माल्टोडेक्स्ट्रिनने रक्तातील साखर झपाट्याने वाढते. मधुमेही माणूस ‘लो फॅट’ वाचून निर्धास्त झाला, तर तो फसलाच.

अमेरिकेतील ऑलेस्ट्राचे उदाहरण याहून बोलके आहे. साखरेच्या रेणूला सहा ते आठ स्निग्धाम्ले जोडून केलेल्या या पदार्थाला चव तेलाची, पण पचनरस तो फोडू शकत नाहीत. म्हणजे कॅलरी शून्य. जानेवारी १९९६ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने चिप्ससारख्या पदार्थांत त्याला परवानगी दिली, ती दोन अटींवर. पोटात मुरडा येऊ शकतो, शौचाला पातळ होऊ शकते, हा इशारा पाकिटावर छापायचा. आणि ऑलेस्ट्रा अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे बाहेर वाहून नेतो म्हणून ती वरून मिसळायची. पुढच्या अभ्यासांत पोटाच्या तक्रारी तितक्या गंभीर निघाल्या नाहीत आणि २००३ मध्ये इशाऱ्याची सक्ती उठली. पण तोवर गिऱ्हाइकाचे मन उडाले होते ते उडालेच.

आपल्याकडचा हिशेब मात्र फार उशिरा झाला. साजूक तुपाला स्वस्त पर्याय म्हणून डालडा १९३७ मध्ये बाजारात आला आणि ‘डालडा’ हे वनस्पती तुपाचेच नाव होऊन बसले. त्यावरच्या त्या काळच्या वादात मोठा मुद्दा तुपातील भेसळीचा होता. तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करताना तयार होणारे ट्रान्स फॅट रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते, हे डच संशोधकांनी दाखवले १९९० मध्ये. एकूण स्निग्धांशात औद्योगिक ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा नियम भारतात लागू झाला जानेवारी २०२२ पासून. मधल्या पिढ्यांनी खारी, नानकटाई आणि मिठाईतून तो पर्याय मुकाट पोटात घातला. आता त्या पर्यायालाही पर्याय म्हणून पाम तेलाकडे बोट दाखवले जाते. त्यातील जवळपास निम्मा भाग संपृक्त स्निग्धाम्लांचा असतो.

म्हणून पर्यायी स्निग्धांशाला ‘मूळ पदार्थापेक्षा बरा’ असे प्रमाणपत्र आगाऊ देता कामा नये. सरकारला हे तत्त्व अगदीच अमान्य आहे असेही नाही. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरले, तर त्या गोठवलेल्या गोडाला ‘आइस्क्रीम’ म्हणता येत नाही. ‘फ्रोझन डेझर्ट’ असेच छापावे लागते. मग ‘लो फॅट’ म्हणणाऱ्याने त्या जागी काय भरले, तेही दर्शनी बाजूला तितक्याच मोठ्या टायपात का छापू नये? ही सक्ती व्हायलाच हवी. त्याहून अवघड काम सुट्या मालाचे आहे. बेकरीच्या काचेआडच्या खारीला आणि हॉटेलातल्या भाजीत पडणाऱ्या पनीरला वेष्टनच नसते. तिथे कोणते तेल वा तूप वापरले, याची पाटी लावण्याची अट घालावी आणि अन्न निरीक्षकांनी दिवाळीच्या तोंडापुरती नव्हे, तर वर्षभर नमुने घेऊन ती पाटी खरी की खोटी हे तपासावे. काय खायचे ते गिऱ्हाईक ठरवील; पण त्यात काय घातले ते त्याच्यापासून दडवण्याचा हक्क कोणत्याही उत्पादकाला नाही.