चर बुजण्याआधी जलवाहिन्यांची नोंद घ्या

प्रति,
मा. आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका

विषय : शहराच्या पाणीपुरवठा जाळ्याचा जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) नकाशा तयार करून त्यानुसार पाणीवाटप करणेबाबत.

महोदय,

आम्ही या शहरातील नळधारक आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

पैठणच्या नाथसागर जलाशयातून पन्नासेक किलोमीटर अंतर, तेही चढाने पार करून पाणी शहरात येते. म्हणजे गळतीत जाणाऱ्या प्रत्येक थेंबावर विजेचा खर्च आधीच झालेला असतो. आधी 700 मिमी आणि नंतर त्याहून मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांवर शहराने अनेक दशके काढली. आता 2,740 कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेत 2500 मिमी व्यासाची वाहिनी येत आहे. परंतु शहरात आलेले पाणी कोणत्या गल्लीत किती पोहोचले हे मोजता आले नाही, तर पाणी वाढूनही नळाला पाणी येण्यातला दिवसांचा गॅप कमी होणार नाही.

सध्या बरीच माहिती लाइनमनच्या डोक्यात आहे. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, हे तोच जाणतो. तो बदलून गेला की वसाहतीचे वेळापत्रक कोलमडते. डांबराखाली गेलेला व्हॉल्व्ह शोधायला रस्ता दोन-तीन ठिकाणी फोडावा लागतो. लाइनमनची ही जाण नोंदीत उतरली पाहिजे, आणि तिचे श्रेयही त्याला मिळाले पाहिजे.

प्रश्न आरोग्याचाही आहे. 1854 साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले आणि दूषित पंपाकडे बोट दाखवले. आपल्याकडे नोव्हेंबर 2017 मध्ये छावणी परिसरात गॅस्ट्रोची मोठी साथ आली होती. जलवाहिनी आणि ड्रेनेज एकमेकांना कुठे छेदतात हे एकाच नकाशावर दिसले, तर धोक्याच्या जागा साथ येण्याआधीच कळतील.

2014 साली शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला आणि 2016 साली करार रद्द झाला. यंत्रणा बदलतात, वाहिन्या मात्र जमिनीतच राहतात. म्हणून त्यांची माहिती कायम महापालिकेच्या मालकीची हवी.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. नवी वाहिनी टाकल्यावर चर बुजवण्यापूर्वी तिचे अक्षांश-रेखांश, खोली, व्यास, पाइपचा प्रकार व छायाचित्र यांची नोंद बंधनकारक करावी. ही नोंद नसलेल्या कामाचे देयक मंजूर करू नये.
2. जुन्या वाहिन्या व व्हॉल्व्ह लाइनमनला सोबत घेऊन, प्रत्यक्ष फिरून नकाशावर आणावेत.
3. प्रत्येक जलकुंभाचे क्षेत्र निश्चित करून तेथे प्रवाहमापक बसवावेत. कुंभातून सुटलेले आणि ग्राहकांना मिळालेले पाणी यांतील तफावत दरमहा जाहीर करावी.
4. जमिनीची उंची व नळाचा दाब लक्षात घेऊन वेळापत्रक आखावे. चढावरच्या आणि वाहिनीच्या शेवटच्या घरांना, तसेच गुंठेवारी वसाहतींना त्यात न्याय मिळावा.
5. गळती, दूषित पाणी व टँकरच्या फेऱ्या रोजच्या रोज नकाशावर नोंदवाव्यात.
6. मलिक अंबरच्या काळातील नहर-ए-अंबरी या ऐतिहासिक भूमिगत जलवाहिनीचा मार्ग व तिचे बंब (पाण्याचे मनोरे) यांचा स्वतंत्र थर नकाशात असावा. रस्ते किंवा बांधकामाची परवानगी देताना तो तपासावा.
7. नळधारकांची नावे व वैयक्तिक तपशील गोपनीय ठेवून प्रभागनिहाय नकाशा मराठीत जनतेसाठी खुला करावा.

यांपैकी पहिली मागणी सर्वांत तातडीची आहे. उघड्या चरात आज काही मिनिटांत होणारी नोंद रस्ता झाल्यावर पुन्हा खोदकाम केल्याशिवाय मिळणार नाही, आणि त्या खोदकामाचा भुर्दंड करदात्यांनाच बसेल. तरी याबाबतचा आदेश तत्काळ काढावा, उर्वरित मागण्यांचा कालबद्ध आराखडा लेखी कळवावा आणि चर्चेसाठी आम्हांस वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
शहरातील नळधारक नागरिक

प्रत माहिती व कार्यवाहीस्तव :
मा. मुख्य अभियंता, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण